अभिप्रायाचा कागद

जुईनगर, नवी मुंबई
६ जानेवारी २०२५

चि. कमळाकर यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि त्याबरोबरचं छापील विनंतीपत्रक, दोन्ही मिळालं. पत्रकावर तुझा फोटो आहे, हनुवटीखाली मूठ धरलेला. दाढ दुखत असल्यासारखा दिसतोस. माझी तब्येत बरी आहे. गुडघे आहेत तसेच आहेत. घरी सगळ्यांना आशीर्वाद सांग.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतोस. पत्रं मात्र जपून ठेवतोस, पुढेमागे छापायला बरी पडतात म्हणून. तर हेही ठेव.

तुला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार, तेवीस मार्चला पुण्यात सोहळा होणार, गौरवग्रंथ निघणार, हे सगळं वाचलं. त्यात 'सामान्य वाचकांचे अभिप्राय' असा विभाग आहे म्हणे. तेवढ्यासाठी तुला आमच्या सोसायटीच्या वाचनालयाची आठवण झाली. सव्वीस वर्षं मी मीटरच्या खोलीशेजारी ते चालवते आहे. तू इतक्या वर्षांत दोनदा आलास आणि दोन्ही वेळा आपली पुस्तकं कुठल्या कप्प्यात आहेत ते पाहून गेलास.

आमच्याकडची रीत तुला ठाऊक आहे. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक रेघांचा कागद चिकटवलेला असतो. पुस्तक परत करताना त्यावर दोन ओळी तरी लिहायच्या आणि खाली सही करायची. लिहिलं नाही तर पुढचं पुस्तक मिळत नाही. हा नियम मी चेअरमनलाही लावते. लोक आधी कुरकुरले, आता हातचं काही राखत नाहीत. तेव्हा तुझ्या कागदांवर जे आहे ते जसंच्या तसं उतरवून पाठवते. तूच मागितलंस.

'अर्धवर्तुळाची माणसं' हे तुझं पुस्तक आमच्या श्यामसुंदरांनी नेलं होतं. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, बारीक वाचतात. त्यांनी लिहिलंय: "पहिली ऐंशी पाने कोणी काही करत नाही. एक्याऐंशीव्या पानावर नायक चहा पितो. तोही गार झालेला." त्याखाली गीतांजलीचं आहे. ती तीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होती. "बाविसाव्या पानावरचं वाक्य सुरू झालं तेव्हा मी कुकर लावला. वाक्य संपलं तेव्हा वरणभात झाला होता. लेखकाने आपले पूर्णविराम कुणाला दान केले आहेत का, याची चौकशी व्हावी." त्याखाली अबोली, महाप्याला कंपनीत आहे ती: "मला झेपलं नाही, पण जाम डीप आहे. फील येतो." त्याखाली पुन्हा श्यामसुंदर: "फील म्हणजे काय ते लिहावे." आणि अबोली: "काका, ते लिहिता आलं असतं तर मीच कादंबरी लिहिली नसती का?" हे भांडण कागदाच्या समासात गेलं आणि शेवटी मला दुसरा कागद चिकटवावा लागला.

दिवाळे गावाहून मासळी घेऊन येणारी बाई आहे. तिच्या मुलीने तुझं खाडीवरचं पुस्तक तिला वाचून दाखवलं. तिचा अभिप्राय तोंडी आहे, पण तोही घे. "ताय, तुजा भाव खारीवर कदी आलाच नाय वाटतं. भांगाच्या पान्याला जाली भरून येतात असं लिवलंय त्यानं. भांगाला पानी मेलेलं असतंय, त्यात काय गावनार हाय? कपाल!" तुला त्या पुस्तकाला निसर्गचित्रणासाठी पारितोषिक मिळालं होतं ना? ती टोपली उचलून गेली आणि मी बराच वेळ हसत होते.

'उशापायथा'बद्दल मात्र आमच्याकडे भांडण नाही. आई अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं करणारी थोरली बहीण आणि अधूनमधून येणारा धाकटा भाऊ, ही तुझी सगळ्यात गाजलेली कादंबरी. तिच्यातली थोरली इथे सगळ्यांना आवडते. गीतांजलीची बहीण नाशिकला असते, तिने तेच पुस्तक वाचून थोरलीला 'कैदाशीण' म्हटलं, तर दोघी फोनवर अशा जुंपल्या की दिवाळीत एकमेकींकडे गेल्या नाहीत. असो.

आमचे एक वाचक आहेत, मारोतीराव. मूळचे परभणीकडचे, तीस वर्षं रबाळ्याला एका कारखान्यात फिटर होते, आता मुलीकडे, दीक्षाकडे, इथेच राहतात. त्यांनी 'उशापायथा'वर चार फुलस्केप पानं लिहून दिली आहेत. ती पाठवत नाही. अक्षर लागायला कठीण आहे आणि चार पानं ग्रंथात मावायची कुठे?

तू माझाही अभिप्राय मागितला आहेस. तुझ्या एकाही पुस्तकाच्या कागदावर मी आजवर काही लिहिलेलं नाही. वाढणाऱ्याने पंक्तिप्रपंच करू नये म्हणतात. यावेळीही राहू दे.

तुझी,
ताई


जुईनगर
११ फेब्रुवारी २०२५

चि. कमळाकर यास,
आशीर्वाद.

तुझे ते प्राध्यापक विश्वजित शनिवारी येऊन गेले. आधी फोन नाही, निरोप नाही. गौरवग्रंथाचे संपादक म्हटल्यावर चहा करणं आलं. त्यांनी सगळे कागद मोबाइलवर टिपले. गीतांजलीचा कुकर वाचून वहीत 'विनोदी प्रतिसाद' असं लिहिलं, पण हसले नाहीत. तेवढ्यात मारोतीराव पुस्तक बदलायला आले, आणि आमच्या अबोलीच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिने त्यांच्या चार पानांचं सांगून टाकलं. मग मला ती कपाटातून काढून द्यावी लागली. प्राध्यापकांना अक्षर अगदी व्यवस्थित लागलं.

पुढे त्यांनी तुला काय सांगितलं ते तू लिहिलंच आहेस. पुण्यात, साताऱ्यात, नागपुरात वाचक थोरलीचा रागराग करतात आणि जुईनगरात तिच्यावर माया करतात. हे म्हणे स्थलांतरितांच्या शहराचं वेगळं वाचन आहे, मुळं तुटलेला माणूस कुणाला दोष देत नाही, वगैरे. त्यांना त्यावर निबंध वाचायचा आहे. वाचू देत. मी पस्तीस वर्षं इथे राहते, मला कुणाची मुळं तुटलेली दिसली नाहीत. सोसायटीतल्या जांभळाची तर ड्रेनेजच्या पाइपात शिरली आहेत.

मारोतीरावांचा लेख तुला इतका आवडला, की तो तू ग्रंथात पहिला घेणार. विशेषतः ते वाक्य: "थोरलीबद्दल लेखकानं एकही वाईट शब्द लिहिला नाही. जो करतो त्याच्याबद्दल बघणाऱ्यानं गप बसावं, एवढं ह्या लेखकाला कळतं." हे वाक्य तू पत्रात दोनदा लिहिलं आहेस. पुढे विचारतोस, की ताई, या माणसाने अकराव्या प्रकरणाबद्दल एक अक्षर कसं लिहिलं नाही? सगळी कादंबरी तर त्या प्रकरणावर उभी आहे. विश्वजित म्हणतात, हा वाचकाने जाणूनबुजून पाळलेला संयम आहे. तुला काय वाटतं?

मला काय वाटणार? माणसं आमटीतला कढीपत्ता बाजूला काढतात, तसं काही असेल.

लेख छापू नकोस. कारण विचारू नकोस, मी सांगते म्हणून छापू नकोस. मारोतीरावांची बायको भिमाबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती, दोन वर्षांपूर्वी गेली. त्यांनी ते मनापासून लिहिलंय आणि स्वतःसाठी लिहिलंय. त्यांना तुझ्या स्टेजवर नाचवू नकोस. पहिलं पान भरायला श्यामसुंदरांचा गार चहा पुरेसा आहे.

दुसरं. मला स्टेजवर बसवून शाल द्यायचा बेत रद्द कर. निमंत्रणपत्रिकेच्या मसुद्यात 'जिच्या सेवेतून ही कादंबरी जन्मली ती थोरली बहीण' असं छापलंय. हे वाक्य विश्वजितांचं असेल तर सोडून देते. तुझं असेल तर सोडणार नाही.

आणि एक विसरलेच. प्राध्यापक मारोतीरावांना कृतज्ञता म्हणून 'उशापायथा'ची नवी आवृत्ती कुरिअरने पाठवणार आहेत. ती पाठवू नये असं त्यांना आजच कळव. वाचनालयात एक प्रत आहे, तेवढी पुष्कळ झाली. आजच कळव.

ताई


जुईनगर
९ मार्च २०२५

कमळाकर,

तू कळवलं नाहीस. किंवा कळवलं असशील आणि त्यांनी ऐकलं नसेल. कुरिअर मागच्या सोमवारी आलं आणि गुरुवारी सकाळी मारोतीराव दोन्ही पुस्तकं घेऊन वाचनालयात आले. एक तुमची चकचकीत नवी, एक आमची खाकी पुठ्ठ्याची. मी एकटीच होते.

दोन्ही पुस्तकं टेबलावर उघडी ठेवून म्हणाले, "ताई, ह्यात अन् आपल्यात फरक हाये. आपल्यात एकशे अठ्ठावीस पानानंतर एकदम एकशे पंचेचाळीस येतंय."

मी म्हटलं, "बाइंडरची चूक असेल."

"आसंल. पर बाइंडरनं नेमकी तीच पानं कशी काढली म्हनावं?"

ते खुर्ची ओढून बसले. मला वाटलं, आता थोरलीबद्दल बोलतील. नाशिकचे, साताऱ्याचे लोक बोलतात तसं. ते म्हणाले, "बाई आईचे हात बांधती ते मला पटलं. नाकातली नळी वढून काढतात हो ही मानसं. मी भिमाबाईचे बांधायचो. लई रडायचो, पर बांधायचो. मला पटलं न्हाई ते ह्या भावाचं. भाऊ येतो अन् एका झटक्यात गाठ सोडतो. ताई, रोग्यानं वढून वढून ती गाठ अशी बसती, की नखं मोडतात. दातानं सोडावी लागती. न्हाई तर कात्री. ज्यानं हे ल्हिलं त्यानं गाठ पाह्यली आसंल. सोडली न्हाई."

मग म्हणाले, "माझा लेख छापू नका म्हनावं त्यांना. मी ज्या पुस्तकावर ल्हिलं, ते पुस्तक त्यांनी ल्हिलंच न्हाई."

मी तुझी बहीण आहे हे त्यांना माहीत आहे. त्यांनी मला काहीही विचारलं नाही. जायला उठले आणि दारापाशी थांबून म्हणाले, "वळ उठायचे का हो आईच्या हाताला?"

मी म्हटलं, "उठायचे."

"भिमाबाईच्या बी," म्हणाले आणि गेले.

बावीस वर्षांत कमळाकर, हा एक शब्द मी पहिल्यांदा कुणासमोर बोलले. आईच्या नातेवाइकांपुढे नाही, डॉक्टरपुढे नाही, तुझ्यापुढे तर नाहीच नाही. परभणीकडच्या एका फिटरपुढे बोलले. नंतर मला रडू आलं आणि मी वाचनालयाला कुलूप लावून वर आले.

तर आता ऐक. बाइंडरची चूक नव्हती. २००६ साली तू सही करून प्रत पाठवलीस, 'ताईस, जिला सगळं ठाऊक आहे' असं लिहून. मी ती वाचली. अकराव्या प्रकरणाशी आल्यावर मी उठून गॅस बंद केला, पुढचं उभ्याने वाचलं. पंधरा दिवसांनी वाचनालयाची नवी पुस्तकं नेहमीसारखी नेरुळच्या ज्ञानू बाइंडरकडे गेली, त्यात ती प्रत मी स्वतः नेऊन दिली. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्म्यांत शिवलेलं असतं, ते तुला मी सांगायला नको. ज्ञानूने शिलाई उसवली, फॉर्मे मांडले. मी म्हटलं, हा नववा फॉर्मा नको. तो म्हणाला, "ताई, पुस्तक लंगडं होईल." मी म्हटलं, "होऊ दे." त्याने तो वगळून बाकीचं शिवलं, वर पुठ्ठा चढवला. ती सोळा पानं मी माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवली.

पहिले काही महिने धास्ती होती. एकशे अठ्ठावीस पान 'आणि दुपारच्या त्या पांढऱ्या उजेडात, जो उजेड नव्हताच' असं अर्धवट तुटतं आणि एकशे पंचेचाळीस 'कुणाच्या तरी असण्याची सवय होत होती' असं सुरू होतं. कुणाला जोड दिसली नाही. तुझी वाक्यं तशी आहेतच. फक्त श्यामसुंदरांनी कागदावर लिहिलं होतं: "सोळा पाने गहाळ. कथेला बाधा येत नाही." तो कागद मी तेव्हाच फाडून दुसरा चिकटवला, म्हणून तो अभिप्राय ना तुला आला ना प्राध्यापकांच्या मोबाइलात. आता पाठवते.

तुझ्या प्राध्यापकांचा निबंध त्या फॉर्म्यावर उभा आहे. जुईनगरची माणसं थोरलीवर माया करतात, कारण तिने काय केलं ते त्यांना मी वाचूच दिलं नाही. मुळंबिळं काही नाही.

मी ती पानं का काढली, हे तुला वाटतं ते नाही. तुला वाटेल, ताईला लाज वाटली. वाटली. सोसायटीत सगळ्यांना कळलं असतं थोरली कोण ते. त्याच जिन्यावरून मला रोज चढायचं-उतरायचं होतं. पण लाजेपुरतं असतं तर मी पूर्ण पुस्तकच कपाटात टाकलं असतं.

तू लिहिलंस, की थोरलीने म्हातारीचे दोन्ही हात जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी पलंगाला बांधले, आणि ती पलीकडच्या खोलीत दार लोटून, पंखा मोठा करून झोपली. खरं आहे. तीन दिवस-रात्री मी पाठ टेकली नव्हती. सकाळपासून आईने नळी दोनदा उपसली होती आणि तिसऱ्यांदा उपसली असती तर परत घालायला नर्स संध्याकाळशिवाय येणार नव्हती. एक गोष्ट तुला माहीत नाही, कारण तू तोवर आला नव्हतास. बांधण्याआधी मी आईला मारलं. गालावर. ती माझ्याकडे बघतच राहिली, लहान मुलासारखी. हे तुला कळलं असतं तर तू एक वेगळं प्रकरण केलं असतंस. घे, आता कर.

पुढे तू लिहिलंस, की धाकटा भाऊ येतो. लॅचच्या किल्लीने दार उघडतो. म्हातारी म्हणते, 'सोड रे.' तो एका झटक्यात गाठ सोडतो, तिचं डोकं मांडीवर घेतो आणि दिवेलागणीपर्यंत तसाच बसून राहतो. याच पानांवर लोक रडतात. याच पानांचं तू व्यासपीठावर वाचन करतोस आणि तुझा आवाज दर वेळी त्याच जागी दाटून येतो. मी एकदा ध्वनिफीत ऐकली आहे.

तू सोडलं नाहीस, कमळाकर. तू दार उघडलंस, आत आलास, मोसंब्यांची पिशवी टेबलावर ठेवलीस. आई म्हणाली, "कमळ, सोड रे." दोनदा म्हणाली. तू खोकलास. मग चपला सरकल्याचा आवाज आला आणि लॅच बंद झालं. संध्याकाळी तू पुण्याहून फोन केलास आणि म्हणालास, "ताई, आज येणार होतो, पण जमलंच नाही गं." मी म्हटलं, "बरं." समोर टेबलावर पिशवी होती. त्यातली मोसंबी मी आईला आठवडाभर रस काढून नळीतून घातली.

तू म्हणशील, तुला कसं कळलं, तू तर झोपली होतीस. कादंबरीतही थोरली घोरतेच आहे. मी झोपले नव्हते. पाठ टेकली होती, पण डोळा लागत नव्हता, आई हाका मारत होती. किल्ली फिरली तेव्हा मला कळलं तूच आलास. आणि मला इतकं बरं वाटलं, म्हणून सांगू! वाटलं, आता हा सोडेल. मला शिव्या देईल, ओरडेल, म्हणेल काय केलंस हे, आणि सोडेल, आणि मग तिच्यापाशी हा बसेल आणि मी झोपेन. मी पडून राहिले ती तुझी वाट बघत. लॅच लागल्यावरसुद्धा थोडा वेळ पडून होते, तू खाली जाऊन परत येशील म्हणून. मग उठले. गाठ सुटायला अर्धा तास लागला. शेवटी कात्रीने पट्ट्या कापल्या.

बांधल्याबद्दल तू मला जन्मभर नावं ठेवली असतीस तरी मी ऐकून घेतलं असतं. तोंडावर म्हणाला असतास तर पायांवर डोकं ठेवलं असतं, धाकटा असलास तरी. पण तू आलाच नव्हतास असं मला सांगितलंस आणि सोडवलंस असं महाराष्ट्राला सांगितलंस. आईची ती हाक तू दोघांकडे दोन तऱ्हेने खोटी केलीस. याचा मला राग आहे. एकोणीस वर्षं जुईनगरातल्या माणसांनी तुझ्याबद्दल चांगलं मत बाळगलं, ते मी तेवढं खोटं त्यांच्यापासून दूर ठेवलं म्हणून. 'लेखक कुणाला दोष देत नाही' म्हणतात ना, तो लेखक मी कात्रीने बनवला आहे.

आता काय करायचं ते मी ठरवलं आहे. ज्ञानू गेला, त्याची सून दुकान बघते. काल तिच्याकडून मी तो फॉर्मा परत शिवून घेतला. पुस्तक आज सकाळी शेल्फवर ठेवलं. गीतांजलीने लगेच नेलं, म्हणाली पुन्हा वाचते. मंगळवारपर्यंत तिची नाशिकच्या बहिणीशी दिलजमाई होईल, माझ्याशी काय होईल ते बघू. जे होईल ते कागदावर येईल आणि मी ते फाडणार नाही. मीही काल त्या कागदावर पहिल्यांदा लिहिलं: "प्रकरण अकरामधील बहीण खरी. भाऊ आला होता. सोडवले नाही." खाली सही केली, पूर्ण नावाने. त्याच्याखाली मारोतीरावांनी लिहिलंय: "वाचले. पटले."

गौरवग्रंथात जुईनगरचं काही घ्यायचं असेल तर हे दोन अभिप्राय घे. नाहीतर आमचं काहीच घेऊ नकोस. प्राध्यापकांना मी वेगळं पत्र टाकलेलं नाही, ते तुझं तू बघ.

तेवीस तारखेला मी येणार नाही. शाल दुसऱ्या कुणाला घाल. मारोतीराव येणार आहेत, दीक्षाने त्यांचं जाण्यायेण्याचं केलं आहे. शेवटी वाचकांचे प्रश्न असतील तेव्हा त्यांना तुला एकच विचारायचं आहे, गाठ कशी सोडलीत. खरं काय ते मी त्यांना सांगितलेलं नाही, कागदावरच्या तीन ओळींपलीकडे. तू कादंबरीतलं उत्तर दे, सभागृह तुझ्या बाजूचं आहे, टाळ्या पडतील. त्या माणसाकडे मात्र बघू नकोस उत्तर देताना, जमणार नाही.

मला भाषण नको, माफी नको, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती नको. एका पोस्टकार्डावर एक ओळ लिही: 'ताई, त्या दिवशी मी आलो होतो.' तुझ्या हाताने लिही, टाइप करून पाठवू नकोस. ती आली तर आपण दोघं आईचं श्राद्ध या वर्षी एकत्र करू, तू घास ठेव, मी पाणी सोडते. नाही आली तर माझ्या मागे माझं कोण करणार याची काळजी तू करू नकोस, मी मारोतीरावांच्या दीक्षाला सांगून ठेवलं आहे.

आईची थोरली,
स्मिता